साहेबांची पेटी

माणदेशात एक वस्ती होती. वस्तीच्या वरच्या अंगाला ओढा होता. ओढ्यापलीकडे सातारा जिल्हा, अलीकडे सांगली. ओढ्याला पाणी पावसाळ्यातले चार दिवस; शीव मात्र बारमाही. म्हातारी माणसं सांगत, आमच्या लहानपणी ही शीव नव्हतीच. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिणेकडचा तुकडा वेगळा काढला, त्याला दक्षिण सातारा म्हणू लागले, आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. माणसं तीच राहिली, बाभळी त्याच राहिल्या, आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच हुलकावणी देत राहिला.

वस्तीवर शाळा होती. दोन खोल्या, एक ओटा, दारात लिंबाचं झाड. पहिली ते चौथी चार वर्ग आणि शिकवायला दोन माणसं. त्यातले एक गुरुजी. दुसरी जागा सतत बदलायची. कुणी नवं आलं की आधी बदलीचा अर्ज लिहायला बसायचं.

गुरुजी असा अर्ज लिहीत नसत. ते साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या संस्थेत कमवा आणि शिका करून शिकले होते. एका दुष्काळात वस्तीवरची माणसं जनावरं घेऊन चारा छावणीवर गेली, तेव्हा गुरुजींनी फळा सायकलला बांधला आणि छावणीतच शाळा भरवली. बाराखडी ते पोराचा हात धरून गिरवून घेत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोराचं अक्षर तालुक्याच्या हायस्कुलात लगेच ओळखू येई.

एका गोष्टीला मात्र ते बिचकत. २००० साली राज्यानं इंग्रजी पहिलीपासून सुरू केली. तोवर ती पाचवीत भेटायची, आणि चौथीपर्यंतच्या शाळेतल्या मास्तरचा तिच्याशी संबंध येत नसे. आता तो रोज येऊ लागला. गुरुजींनी सव्वीस अक्षरं फळ्यावर काढली. पोरांनी ती पाढ्यासारखी पाठ केली. गुरुजींच्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

मग एक दिवस निरोप आला. इंग्रजी शिकवायचं साहित्य आलंय, केंद्रशाळेतून घेऊन जा.

गुरुजींनी पेटी एस.टी.च्या टपावर टाकून आणली. चांगली लाकडी पेटी होती. आत चित्रांची चाळीस कार्डं होती. अक्षरांचे लाकडी ठोकळे होते, काटे फिरवायचं पुठ्ठ्याचं घड्याळ होतं, भिंतीवर लावायचे तक्ते होते. आणि हातात घालून बोलवायचा एक कापडी पोपट होता. हिरवा, बटणांच्या डोळ्यांचा. पोरं पेटीभोवती गोळा झाली. एकानं पोपटाला हात लावला.

"हात लावू नका," गुरुजी म्हणाले.

त्यांनी एकेक वस्तू मोजली आणि डेडस्टॉक रजिस्टरला चढवली. अनुक्रमांक, वस्तू, नग, किंमत. शाळेत जे खडूसारखं संपत नाही, जे टिकायला हवं, त्याचा हिशेब ह्या वहीत राहतो. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. तो गुरुजींनी कोरा ठेवला. मग पेटीला कुलूप लावलं, पेटी मागच्या भिंतीला टेकवली आणि किल्ली जानव्याला अडकवावी तशी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

ह्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका पोराच्या हातून पृथ्वीगोल पडला होता. आस मोडला, गोल चेपला. लेखापरीक्षणात ती वस्तू निघाली आणि गुरुजींच्या पगारातून पैसे कापले गेले. गुरुजी हसत सांगत, "अख्ख्या पृथ्वीची भरपाई केलेला तालुक्यात मी एकटाच." हसत सांगत, पण विसरत नसत.

वर्षातून एकदा तपासणी यायची. त्या दिवशी पेटी उघडायची. टेबलावर चादर अंथरून सगळं मांडलं जायचं. पोरं लांब, हाताची घडी घालून बसायची. साहेब यायचे, वस्तू रजिस्टरशी ताडून बघायचे, मान हलवायचे. साहेब गेले की गुरुजी एकेक कार्ड पुसून परत आत ठेवायचे. पोरांनी तिला नाव दिलं होतं, साहेबांची पेटी. पहिलीतल्या एका पोरीची तर पक्की समजूत होती की इंग्रजी त्या पेटीत राहते आणि वर्षातून एकदा बाहेर येते, जत्रेतल्या देवासारखी.

तीन-चार वर्षं अशी गेली आणि शाळेत एक बाई आल्या. साताऱ्याकडच्या होत्या. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक, महिना ३००० रुपये मानधन, तीन वर्षं नीट गेली तर नोकरी पक्की. बाईंनी बदलीचा अर्ज लिहिला नाही. त्यांना तसा हक्कच नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी किल्ली मागितली.

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमची सेवा अजून पक्की व्हायची आहे. एक कार्ड हरवलं तर तुमच्या तीन हजारांतून जाईल. कशाला?"

बाई म्हणाल्या, "पण गुरुजी, ते पोरांसाठीच आलंय ना?"

"पोरांसाठीच जपतोय. साताऱ्याच्या आहात, तुम्हाला माहीत असेल. प्रतापसिंह हायस्कुलात १९०० सालचं रजिस्टर अजून आहे. नोव्हेंबरची ७ तारीख. भिवा रामजी आंबेडकर, पहिली इंग्रजी. आपल्या बाबासाहेबांची सही आहे त्यात. कुणीतरी जपलं म्हणून आज बघायला मिळतं."

ह्यावर बाईंना काही सुचलं नाही. त्या वर्गात गेल्या.

साहित्याशिवाय त्यांनी जे केलं ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. ए फॉर ॲपल, ॲपल म्हणजे सफरचंद. बी फॉर बॅट, बॅट म्हणजे बॅट. पोरं तालात म्हणायची, डोलायची. एक दिवस वर्गात कोंबडी शिरली. बाईंनी तिच्याकडे बोट करून विचारलं, "व्हॉट इज धिस?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "व्हॉट इज धिस!" कोंबडीसुद्धा दचकली. बाई खुर्चीत बसल्या. त्यांच्या लक्षात आलं की पोरं इंग्रजी बोलत नाहीत, बाईंचा आवाज परत करतात.

खिचडी खाऊन झाली की पोरं ओट्यावर बसायची. समोरून डांबरी रस्ता गेला होता. तिथं त्यांचा एक खेळ चालायचा. लांबून गाडीचा आवाज आला की पैज लागायची, एमएच दहा की एमएच अकरा? दहा म्हणजे सांगलीची गाडी, अकरा म्हणजे साताऱ्याची. हरला त्यानं एक चिंचोका द्यायचा. बाई हा खेळ महिनाभर बघत होत्या. एक दिवस त्यांनी दुसरीतल्या एका पोराला विचारलं,

"तुला एम वाचता येतो?"

"न्हाई."

"मग ती एमएच दहा होती हे कसं कळलं?"

"त्ये दिसतंय की, बाई!"

बाई उठल्या आणि फळ्यावर मोठा एम काढला. वर्ग ओरडला, "गाडीचा एम!" एच काढला. "गाडीचा एच!" मग बाईंनी सांगितलं, उद्या येताना घरात, मळ्यात, रस्त्यावर जिथं कुठं असलं अक्षर दिसेल ते घेऊन या. विकत काही आणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दप्तरं फुगलेली होती. काडेपेटीचे छाप आले, पार्ले-जीचे कागद आले, टॉर्चचा मेलेला सेल आला, ठिबकच्या नळीचा तुकडा आला, खताच्या गोणीची चिंधी आली. एका पोराचा मामा तासगावला बेदाण्याच्या शेडवर होता. त्यानं बेदाण्याचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणला. सगळं त्या खोक्यात गेलं. आणि एकानं औषध फवारणीची रिकामी बाटली आणली. बाईंनी ती आधी हातातून घेतली, पोराचे हात साबणानं दोनदा धुवायला लावले, बाटली लांब नेऊन पुरली. मग फळ्यावर तिच्यावरची खूण काढली. टोकावर उभा केलेला चौकोन, खालचा अर्धा लाल, वरच्या अर्ध्यात कवटी आणि एक शब्द. पॉयझन. लाल सगळ्यांत जहाल, त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्या वर्गाला आलेला पहिला अवघड इंग्रजी शब्द हा. त्याचं स्पेलिंग कुणाचंच कधी चुकलं नाही.

बेदाण्याच्या आणखी खोक्यांचा पुठ्ठा कापून पोरांनी कार्डं केली. एका बाजूला चिकटवलेला छाप किंवा काढलेलं चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. पुठ्ठा हलका, हात धुळीचे. आठवड्यात कार्डं फाटायला लागली. बाईंनी नियम केला. ज्याच्या हातून कार्ड फाटेल त्यानं ते नवीन लिहून आणायचं. स्केचपेन बाई देणार. झालं असं की पोरं स्केचपेनसाठी मुद्दाम कार्डं फाडू लागली. बाईंना हे कळलं, पण त्यांनी दाखवलं नाही. शब्द पुन्हा लिहायला पोर आपण होऊन तयार होत असेल, तर एवढा पुठ्ठा काही महाग नव्हता.

शब्द जमले, पण बोलणं येईना. पोरं खोक्यातली वस्तू उचलायची, नाव सांगायची आणि गप्प बसायची. मग बाईंनी खोक्याचं दुकान केलं. चिंचोके हे पैसे. दुकानदाराला मराठी येत नाही असं ठरलं. "गिव्ह मी टू" म्हटल्याशिवाय कागद मिळायचा नाही. "हाऊ मच?" विचारल्याशिवाय भाव कळायचा नाही. वर्गात एक पोरगा होता, बाई विचारतील त्याला मान खाली घालून उत्तर देणारा. त्याच्या आज्याची फाट्यावर टपरी होती. त्याला दुकानदार केलं. पहिल्याच दिवशी त्यानं उधारी नाकारली. उधारीला इंग्रजीत काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो जोरात म्हणाला, "नो! नो! टुमारो नो!" व्याकरणाच्या बाईंनी कपाळाला हात लावला असता. ह्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

चैत्रात यात्रा आली. आटपाडी, खानापूर, माण, खटाव ह्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं ते काम. यात्रेला ती गावी येतात. त्या आठवड्यात ओट्यावरची पैज मोडीत निघाली. रस्त्यावरून टी एनच्या गाड्या आल्या, के एलच्या आल्या, डब्ल्यू बीची एक आली. पोरांनी सगळी अक्षरं टिपून आणली. बाईंनी शाळेपुढच्या पटांगणात चुन्यानं भारताचा नकाशा आखला आणि म्हणाल्या, आपापल्या वडिलांपाशी जाऊन उभे राहा.

तिसरीतली एक पोरगी पळत खाली, पार टोकाकडे गेली. तिथं पाय रोवून म्हणाली, "माय फादर इज इन तमिळनाडू." कुणी केरळात उभं राहिलं, कुणी बंगालात. सात-आठ पोरं महाराष्ट्रातच दाटीवाटीनं उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "माय फादर इज इन मळा." बाई म्हणाल्या, "व्हेरी गुड."

गुरुजी हे सगळं पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. मधली भिंत छतापर्यंत नव्हती. शाळा सुटल्यावर बाईंना कधी कधी दिसायचं, गुरुजी अंगणात पडलेलं एखादं कार्ड उचलतात, उलटं-सुलटं करून बघतात, ओठ हलवतात आणि खोक्यात टाकतात. बाई तेव्हा दुसरीकडे बघायच्या.

ह्या सगळ्यात एका वर्षी तपासणी आली नाही. पुढच्या वर्षी माघात आली. विस्तार अधिकारी साहेब सकाळीच आले. गुरुजींनी गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं. पेटी टेबलावर घ्यायला दोन्ही बाजूंनी धरून उचलली.

पेटी वर आली. तळ जमिनीवरच राहिला.

वाळवीची रीत अशी की ती बाहेरचं काही बिघडवत नाही. रंग तसाच ठेवते, आतून पोखरते. चाळीस कार्डांचा मातीचा एक गठ्ठा झाला होता. घड्याळाचे काटे सापडले, घड्याळ सापडलं नाही. तक्त्यांची नुसती चाळण झाली होती. पोपटाचा कापूस आणि कापड मातीत मिसळून गेलं होतं. त्याची दोन बटणं तेवढी राहिली होती, वर बघणारी. कुलूप शाबूत होतं.

गुरुजींच्या हातात वरची रिकामी चौकट राहिली. ती खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

साहेब काही बोलले नाहीत. ते भले माणूस होते. गुरुजींना सावरायला वेळ मिळावा म्हणून पलीकडे पोरांकडे वळले. टेबलावर डेडस्टॉक रजिस्टर होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर छापील इंग्रजी अक्षरं होती. साहेबांनी सहज ते उचललं आणि तमिळनाडूवाल्या पोरीपुढे धरलं.

"वाच बघू."

पोरीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "डे...ड. डेड. स्टॉ...क. स्टॉक."

"शाब्बास. अर्थ काय?"

"डेड म्हंजी डेड बॉल असतोय तसं. बॉल टाकलेला असतोय, पण त्यो धरत न्हाईत."

"आणि स्टॉक?"

"दुकानातला माल."

पोरीनं थोडा विचार केला. मग मातीच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी न धरलेला माल."

कुणी हसलं नाही. पोरीला वाटलं आपलं चुकलं, म्हणून ती बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी खोका बघितला. दुकानात जाऊन दोन चिंचोक्यांना एक काडेपेटीचा छाप घेतला. जाताना गुरुजींना एवढंच म्हणाले, "निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवा. वाळवीची वसुली कुणाकडून करणार?" निर्लेखन म्हणजे वस्तू वहीतून अधिकृतपणे कमी करणं. त्यासाठी यादी लागते. वस्तू, नग, किंमत आणि कारण.

त्या रात्री गुरुजी कंदिलाशी यादी करत बसले. वीज गेलेली होती. कारणाच्या रकान्यात "वाळवीने खाल्ले" असं लिहिलं आणि त्यांचा हात थांबला. पेटी येऊन पाच वर्षं झाली होती. वर्षाला शाळेचे कामाचे दिवस सव्वादोनशेच्या आसपास. त्यांनी मागच्या कागदावर गुणाकार केला. अकराशे दिवस निघाले. त्यातून तपासणीचे दिवस वजा केले. चार. वाळवी फार तर एका पावसाळ्यात आली असेल. त्याआधीचे दिवस कुणी खाल्ले, हे लिहायला यादीत रकाना नव्हता.

सकाळी ते लिंबाखाली बाईंची वाट बघत उभे होते.

"बाई, त्या साताऱ्याच्या रजिस्टरचं मी तुम्हाला सांगितलं होतं," ते म्हणाले. "सांगितलं ते अर्धंच. त्या पोराला शाळेत पाण्याच्या नळाला हात लावू देत नव्हते. शिपायानं नळ सोडला तरच पाणी. एवढं सगळं नाकारलं, पण पुस्तक त्याच्या हातात होतं. म्हणून ते रजिस्टर जपायच्या लायकीचं झालं. मी उलटं केलं. वही जपली आणि पोरांना म्हणालो, हात लावू नका."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या पगारातून पैसे कापले होते. कुणीही घाबरलं असतं."

गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगू? पेटी उघडली असती तर तो पोपट माझ्या हातात आला असता. मग त्याला बोलावं लागलं असतं. इंग्रजीत. पोरांपुढं. मला ते जमलं नसतं. कुलूप पेटीला नव्हतं, बाई."

लिंबाची दोन पानं पडली. गुरुजी पुढे म्हणाले, "बाप माझा शेतकरी. नांगराचा झिजलेला फाळ लोहाराकडं न्यायचा तेव्हा खुशीत असायचा, रान झालं म्हणून. गंजलेला फाळ मात्र कुणाला दाखवायचा नाही."

त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला गुरुजी बाईंच्या वर्गात, शेवटच्या रांगेत बसू लागले. त्यांची पोरंही मग त्याच खोलीत आली. पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा त्यांनी सवयीनं मराठीत भाव विचारला. दुकानदार पोरानं त्यांच्याकडे बघितलं, कान पुढे केला आणि काही कळलं नाही असं दाखवलं. सगळा वर्ग श्वास धरून बसला. गुरुजी दोनदा खाकरले. "हाऊ मच?" ते म्हणाले. भाव जरा जास्तच सांगितला गेला, पण गुरुजींनी घासाघीस केली नाही.

साहेबांच्या पेटीची ती दोन बटणं बाईंनी उचलून ठेवली होती. तमिळनाडूवाल्या पोरीच्या आईनं जुन्या हिरव्या लुगड्याचा पोपट शिवून दिला आणि ती बटणं त्याला लावली. पोपटाची चोच थोडी वाकडी झाली. गुरुजींच्या हातात तो घोगऱ्या आवाजात बोलायचा आणि कधी कधी चुकायचा. चुकला की पोरं त्याला दुरुस्त करायची. गुरुजींना दुरुस्त करायची पोरांची हिंमत झाली नसती. पोपटाला करायला काय हरकत होती? बाईंनी नंतर मला सांगितलं की वर्गात सगळ्यांत जास्त इंग्रजी पोरं पोपटाच्या चुका काढताना बोलली.

त्या भागातल्या शिक्षण परिषदेत ही गोष्ट कुणी सांगितली की ऐकणारे आधी हसतात आणि मग आपापलं कपाट आठवून गप्प होतात. वस्तू जपली म्हणून तास जपला जात नाही. पोराच्या हातात फाटलेलं कार्ड त्याच्या बोलण्यात उरतं. कपाटात शाबूत राहिलेलं कुठंच उरत नाही. आणि पुष्कळदा साहित्य कमी असतं म्हणून ते बाहेर निघत नाही असं नाही. ते बाहेर काढणाऱ्याला आधी स्वतः थोडं उघडं पडावं लागतं, तिथं गाडं अडतं. मी स्वतः शिकवत होतो तेव्हा माझ्याही कपाटात एक तक्ता नळीत गुंडाळून होता. तो मी निवृत्तीच्या दिवशी उघडला.

दोन वर्षांनी तालुक्याहून नवं साहित्य आलं. ह्या वेळी पत्र्याची पेटी होती. गुरुजींनी वस्तू मोजल्या, रजिस्टरला चढवल्या आणि पेटी उघडीच बेदाण्याच्या खोक्याशेजारी ठेवली. जुनं कुलूप तांदळाच्या कोठीला लावलं, तिथं त्याची गरज होती. बाईंची तीन वर्षं पुरी झाली, सेवा पक्की झाली, आणि हक्क मिळाल्यावरही त्यांनी बदलीचा अर्ज पुढची चार वर्षं लिहिला नाही.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा पदभार देताना त्यांनी रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना भरला. चित्रकार्डं, नग चाळीस : वापरून झिजली, तीन शिल्लक. ठोकळे, नग सव्वीस : एक्स हरवला, बाकी आहेत. घड्याळ, नग एक : काटे दोनदा बदलले. आणि सगळ्यांत खाली, कुणी मागितली नव्हती अशी एक नोंद होती. पोपट, नग एक. डोळे जुन्या पेटीतले.